भरवशाची गाडी: पंढरीची वाट आणि मोटारमालकांचा अलिखित इतिहास

ज्या भाषेने 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या भाषेच्या मोटारमालकाला भरवसा या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगावयास नको. म्हैस जातिवंत असते, खुराक चांगला असतो, मालक बारा महिने आशेवर असतो आणि ऐन वेळी गोठ्यात टोणगा उभा राहतो. मोटार विकत घेणाराचे दुःख याच जातीचे. कारखाना बोलतो ते नवीन गाडीविषयी. मालकाला अनुभव येतो तो जुन्या होत जाणाऱ्या गाडीचा. या दोहोंमधल्या अंतराचा इतिहास मराठीत कोणी लिहिलेला नाही. कारखानदारांची चरित्रे आहेत, कामगारांच्या लढ्यांवर थोडेफार लेखन आहे. मात्र चार-पाच वर्षे वाट पाहून घेतलेली गाडी वीस-वीस वर्षे चालवणाऱ्या मालकाने काय भोगले, त्याने कशाला भरवसा म्हटले, याची नोंद नाही. या लेखात आम्ही त्या नोंदीची निदान सुरुवात करू पाहतो, आणि त्यासाठी पंढरपूरच्या वाटेवर उभे राहतो.

पंढरपूरच का, असा प्रश्न वाचकांना पडेल. मोटारीचा इतिहास लिहिणारे मुंबई-पुण्यापलीकडे सहसा जात नाहीत. परंतु यंत्राची कसोटी लागते ती बाँबे गॅरेजच्या फरशीवर लागत नाही. भीमेच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता दरवर्षी नव्याने खचतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. शिवाय येथे प्रवासाची तिथी प्रवाशाच्या हाती नसते. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांच्या तिथी ठरलेल्या; एकादशीला पोचावयाचे म्हणजे पोचावयाचे. 'गाडी दुरुस्त झाली की निघू' असे म्हणण्याची सोय वारीत नाही. वारकरी ज्याला नेम म्हणतो, तोच यंत्राकडून अपेक्षिला की त्याला भरवसा म्हणतात, असे आम्हांस वाटते.

आणखी एक कारण आहे, आणि ते योगायोगाहून थोडे अधिक आहे. मुंबई इलाख्यात मोटारीचा देशी कारखाना काढणारा माणूस याच जिल्ह्यातला. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. सावकारी आणि कापसाच्या पिढीजात धंद्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागी केली आणि ठेकेदारी धरली. त्या ठेकेदारीचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केलेली ही अडीच फुटी रेल्वे १८९७ साली बार्शीला आणि १९०६ साली पंढरपुरात पोचली. पुढे १९२७ साली ती मिरजेला जोडली गेली. यात्रेकरूंच्या गर्दीवर तिचे पुष्कळसे उत्पन्न अवलंबून होते. म्हणजे ज्या मुलखात लोक यंत्राच्या भरवशावर पंढरीला जाऊ लागले, त्याच मुलखात वालचंदांना यंत्राच्या धंद्याची ओळख झाली. मराठी वाचकांना त्यांचा परिचय 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'कार गं. दे. खानोलकर यांनी लिहिलेल्या चरित्रातून झालेला आहे. वाङ्मयसेवकांचा चरित्रकार उद्योगपतीकडे वळला ही घटना स्वतंत्र लेखाची आहे. असो.

१९४० साली वालचंदांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की केली होती. पण युद्धाच्या काळात हिंदुस्थान सरकारने मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानण्याचे नाकारले. जहाज आणि विमान या दोन्ही बाबतींत त्यांना जे थोडेफार जमले, ते मोटारीच्या बाबतीत काही वर्षे जमले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही मोठ्या पोटाची अमेरिकन घराणी. त्यांना पेट्रोल अफाट लागे आणि रुंद रस्ता हवा असे. संस्थानिक, सिनेमावाले आणि बडे व्यापारी एवढाच त्यांचा संसार. वालचंद १९५३ साली वारले. त्याच सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने ठरवले की जे देशात सुटे भाग बनवणार नाहीत त्यांनी येथे नुसती जोडणी करू नये. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. फोर्डही गेली. मैदानात उरले तीन देशी कारखाने: कलकत्त्याचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि कुर्ल्याचे प्रीमियर. प्रीमियरने तोवर इटलीच्या फियाटचा हात धरला होता.

आज ज्याला मध्यम आकाराची गाडी म्हणतात तिचा आपल्याकडचा पूर्वज हीच फियाट ११००. तिच्या बाजूला अँबेसेडर उभी केली तर ती लहान दिसे, स्टँडर्ड हेराल्डच्या बाजूला भारदस्त. चौघे ऐसपैस, सहाजण दाटीवाटीने आणि वारीच्या दिवसांत किती, ते विचारू नये. पहिल्या घाटाच्या गाडीचे नाक पुढे आलेले आणि पाठ गोल. तिला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. हे नाव देणारा कोणी एक लेखक नाही. पण मराठी माणसाने यंत्राला दिलेल्या नावांमध्ये इतके अचूक आणि इतके प्रेमळ नाव दुसरे आम्हांस आठवत नाही. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी इटलीशी असलेले नाते संपल्यावर तिचीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. साचा तोच, १०८९ सी.सी.चे इंजिन तेच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तोच. पुढे थोडेफार फेरफार झाले, पण विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही गाडी मूळ रूपातच बनत राहिली. एखादी संहिता पाठभेदांसह पस्तीस वर्षे छापली जावी तसा हा प्रकार. आणि जशी त्या संहितेवर टीका वाढत जाते, तशी या गाडीवर मिस्त्र्यांची टीका वाढत गेली.

टीका हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. गाडी एकच राहिल्यामुळे तिच्या प्रत्येक दुखण्याचे भाष्य तयार झाले. पुढच्या चाकांच्या किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस न मारल्यास स्टिअरिंग जड होणार. खराब रस्त्यावर खालचा आर्म दगा देणार. पाटे सैल झाले की मागचा भाग कुरकुरणार. चढावर वास आला तर क्लच पाहावा आणि उतारावर वास आला तर ब्रेक. ही विद्या पुस्तकातून मिळत नसे. ती तोंडी होती, परंपरेने चालत आलेली होती, आणि तिचे अधिकारी पुरुष गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले असत.

पंढरपूरच्या वाटेवर या गाडीची कसोटी आषाढीत लागे असा समज आहे. चिखल, पाऊस, गर्दी ही चित्रे मनात असतात म्हणून तसा समज होतो. आम्ही मात्र चैत्रीचे नाव घेऊ. आषाढात इंजिनाला निदान गारवा असतो. फार तर डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरून गाडी सुरू होत नाही, कोरड्या फडक्याने पुसून भागते. चैत्रात मोहोळहून दुपारी निघालेली गाडी मध्येच आचके देऊ लागे आणि बंद पडे. पेट्रोल नळीतच तापून त्याची वाफ होई, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागे. याला व्हेपर लॉक म्हणतात. त्यावरचा इलाज साऱ्या देशात एकच होता: पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवावे आणि झाडाखाली बसावे. पाणी मग दोन ठिकाणी लागे, फडक्याला आणि रेडिएटरला. म्हणून जुन्या मालकांच्या डिकीत स्टेपनीइतकाच पाण्याचा डबा ठरलेला असे. दुष्काळी मुलखात रस्त्याकडेच्या वस्तीवर गाडीसाठी पाणी मागताना संकोच वाटे. माणसाला पाणी मागितले तर तांब्या पुढे येतो. यंत्राला मागितले तर लोक विहिरीकडे पाहतात. गाडीवाला आणि गाववाला यांच्यातले अंतर अशा वेळी उघडे पडे. भरवशाचा इतिहास लिहिताना हे अंतर वगळता येणार नाही.

नवी गाडी आधी देवाला दाखवण्याची चाल सोलापूर जिल्ह्यात सर्रास आहे. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ आणि मग पंढरपूर. या चालीला एक तांत्रिक फायदाही होता, तो गमतीचा म्हणून नोंदवतो. त्या काळी नव्या इंजिनाला पहिले काही शे मैल सावकाश चालवावे लागे. मागच्या काचेवर 'रनिंग इन'चा कागद चिकटवलेला असे. देवदर्शनाला निघालेला मालक मुळात घाई करीत नसे. त्यामुळे कारखान्याचा नियम आणि घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह हे दोन्ही एकाच फेरीत पाळले जात.

आता तक्रारीकडे वळू. 'जुनी फियाट कधी बंद पडली नाही' हे वाक्य आज कोणत्याही घरगुती बैठकीत ऐकू येते. कागदपत्र वेगळे सांगतात. १९५९ पासून मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रण होते. मागणी मोठी, उत्पादन तुटपुंजे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि हाती आलेली गाडी बाजारात विकली तर नव्याहून जास्त किंमत येई. गाडीच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की १९६७ साली केंद्र सरकारला गाड्यांच्या दर्जाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारने किमतीच बांधून दिल्या. त्यावर कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आयोग बसला, आकडेमोड झाली. त्या खटल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचेच नाव आहे. या सगळ्या व्यवहारात गाडीची किंमत, कारखान्याचा खर्च, नफ्याचे प्रमाण यांची कसून चर्चा झाली. मालकाचा अनुभव मात्र 'ग्राहकांच्या तक्रारी' अशा सामासिक शब्दात गोळा होऊन राहिला.

त्याच काळात अमेरिकेत काय चालले होते पाहा. १९३६ साली स्थापन झालेली तेथील ग्राहकसंस्था पन्नाशीच्या दशकापासून आपल्या वर्गणीदारांना दरवर्षी विचारीत होती की तुमच्या गाडीचे काय काय बिघडले, आणि उत्तरांचे तक्ते छापीत होती. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहून बड्या कंपन्यांना हादरवले. तेथे मालकाला शेजारच्या शोरूममध्ये जाण्याची मुभा होती, म्हणून त्याच्या तक्रारीला किंमत होती. आपल्याकडे गाडी मिळणे हीच कृपा. कृपेबद्दल तक्रार कोण करणार? बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम १९७४ मध्ये सुरू केले, ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. तोवर मालकाजवळ दोनच मार्ग होते: मिस्त्री धरणे किंवा नशिबाला बोल लावणे.

मग 'कधी बंद पडली नाही' ही आठवण खोटी समजावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. ती आठवण तिच्या शब्दांहून वेगळ्या गोष्टीची आहे. गाडी बंद पडे, पण रस्त्यात कायमची अडकून राहत नसे. तार, सुतळी, साबणाची वडी (पेट्रोलच्या टाकीची चीर बुजवावयास), पान्ह्यांची पिशवी आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारा सुटा भाग यांच्या बळावर ती मुक्कामाला पोचे. म्हणजे भरवसा यंत्राच्या निर्दोषपणावर नव्हता. यंत्र, मालक, मिस्त्री आणि सुट्या भागांचे दुकान मिळून तो उभा होता. आणखी एक गोष्ट इतिहासकाराने ध्यानात ठेवावी. आज ज्या गाड्या आणि ज्या आठवणी आपल्यासमोर आहेत त्या टिकलेल्यांच्या आहेत. भंगारात गेलेल्या गाडीचा मालक बैठकीत गोष्ट सांगत नाही.

मराठी साहित्याने या अनुभवाकडे जवळपास पाठच फिरवली. आपल्या वाङ्मयातले वाहन म्हणजे एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि थोड्याच वर्षांत लेखकांना हक्काची रंगभूमी मिळाली. पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' एस.टी.खाली येते; अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'चा आरंभ बसमध्येच होतो, आणि जेजुरी हे पंढरीच्याच वाटेवरचे गाव. बस थांबली की चाळीस माणसे एकत्र येतात, संवाद सुरू होतात. खासगी मोटार बंद पडली की एक कुटुंब आणि एक ड्रायव्हर उरतात, आणि त्यांच्यात बोलण्यासारखे फारसे नसते. बहुसंख्य लेखक-वाचकांकडे मोटार नव्हती हे तर उघडच आहे. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात आणि दि. बा. मोकाशी यांनी १९६४ च्या 'पालखी'त पंढरीची वाट पायी चालून लिहिली. मोकाशींचे पुण्यात रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते. यंत्राच्या पोटात हात घालणारा हा लेखक वारीला निघाला तेव्हा यंत्र मागे ठेवून निघाला. त्यांनी एखादे पुस्तक मोटार-मिस्त्र्यावर लिहिले असते तर, अशी चुटपुट आम्हांस नेहमी लागते.

कारण वारीतसुद्धा यंत्र आहेच. पालखीच्या रथाला बैल असतात आणि त्या बैलजोडीचा मान कोणाला, याची दरवर्षी चर्चा होते. त्या मानाच्या मागे बिनमानाची शेकडो वाहने चालतात. दिंडीचे सामान, तंबू, शिधा, भांडी वाहणारा ट्रक किंवा टेम्पो प्रत्येक मोठ्या दिंडीचा असतो. दिंडी पायी निघाल्यावर तो पुढच्या मुक्कामी जातो, स्वयंपाक करणाऱ्या बाया-माणसे त्यातूनच जातात. दिवेघाट चढताना हा ट्रक बसला तर संध्याकाळी दोन-तीनशे माणसांच्या पंगतीला भाकरी नाही. मोटारमालकाच्या भरवशापेक्षा हा भरवसा कितीतरी जड आहे. पुष्कळदा हे वाहन कोणा मालकाने सेवा म्हणून दिलेले असते. सेवेचे वाहन नाकारता येत नाही आणि त्याच्या दुरुस्तीचा हिशेबही मागता येत नाही. ज्या ड्रायव्हरला ते ओळखीचे असते तोच त्याचा खरा जामीन. मोटारीच्या इतिहासात मालकाचे नाव आरसी पुस्तकावर राहते. ड्रायव्हरचे कोठेच नाही. गाडीचा स्वभाव त्यालाच ठाऊक असे, मालक मागच्या सीटवर बसून त्याच्या ज्ञानावर आपला भरवसा बांधीत असे.

नंतरचा भाग आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचे इंजिन बसवून '११८ एनई' काढली. खऱ्या अर्थाने मध्यम आकाराची गाडी ती. पण दोन वंशांच्या त्या संकराला गावच्या मिस्त्र्यांची जुनी टीका लागू पडेना. नव्वदीत एस्टीम, सिएलो, होंडा सिटी आल्या. व्हेपर लॉक इतिहासजमा झाला, ओले फडके गेले. मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर भर दुपारी गाडी बंद पडून झाडाखाली बसण्याची वेळ आता क्वचित येते. आली तर मात्र गोष्ट वेगळी असते. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो, मिस्त्री बॉनेट उघडतो आणि पुन्हा लावतो; संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही, आणि संगणक सोलापूरला. जुन्या गाडीची दहा दुखणी मालकाला पाठ असत. नव्या गाडीला दुखणी कमी, पण जे आहे ते त्याला कळत नाही. हा बदल वाईट असे आमचे म्हणणे नाही. रात्रीअपरात्री आजारी माणसाला घेऊन सोलापूर गाठावयाचे असेल तर आम्हीही नवीच गाडी मागू.

२०२० च्या आषाढीला, करोनाच्या साथीत, शतकांची पायवाट थांबली. ३० जून रोजी पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपुरात आल्या. त्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे महापूजेसाठी मुंबईहून स्वतः मोटार चालवीत आले. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, भर पावसात त्यांनी पुन्हा तसेच केले. त्या दोन्ही वर्षी वर्तमानपत्रांनी चालकाची बातमी केली. पादुकांची बस कोणी चालवली, तिच्या इंजिनाची आदल्या रात्री तपासणी कोणी केली, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली आणि तिच्यावर मृत्युलेख लिहिले गेले. वालचंदांचे कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील संग्रहात जपलेले आहेत. गाडीवाल्यांचे कागद मात्र पंढरपूर, बार्शी, सांगोला, मंगळवेढा अशा गावांतल्या जुन्या डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यांच्या माळ्यांवर असतील: पेट्रोल आणि मैलांची टिपणे असलेल्या डायऱ्या, गॅरेजच्या पावत्या, किंगपिन बदलल्याची तारीख. गॅरेजवाल्यांच्या हिशेबाच्या वह्यांना तर माळाही मिळत नाही. त्या दर दिवाळीला नव्या वहीची पूजा झाली की रद्दीत जातात.